आबांच्या पाटीवर काय लिहायचं?

सातारा, २५ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

आबा गेले तेव्हा फोनवर तू हुंदके देत होतास आणि मी तुला "जेवलास का?" विचारत होतो. नंतर तुझे मेसेज येत राहिले, मी गप्प. माझी शुगर आहे तिथंच आहे, आईचे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. आता लिहितोय कारण एक भानगड झालीय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

आईच्या फॅमिली पेन्शनसाठी कागद गोळा करत होतो. आबांच्या फौजेतल्या डिस्चार्ज बुकात ती शेवंताबाई, आधारवर नुसती शेवंता, बँकेत तिसरंच काहीतरी. म्हणून काळी ट्रंक उघडली. तीच, जिच्यावर बसून आपण कॅरम खेळायचो आणि आबांची चप्पल वाजली की उड्या मारून पळायचो. आत पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल ही ७१ च्या लढाईची पदकं, गिरणीचा बदली कामगाराचा पास आणि ते डिस्चार्ज बुक. ट्रेडच्या रकान्यात लिहिलंय, कुक.

लांगरी, बंड्या. आबा पलटणीत लांगरी होते.

आता तुझा दात आठव. आठवीत होतो आपण. पतंगावरनं जुंपली आणि तू अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असं ओरडलास, "तुझा बाप बंदूक नव्हता चालवत, भाकऱ्या थापायचा!" मग स्ट्रायकर, मग तुझा दात, मग तुझी आई आणि माझी आई नळावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या. मला सांग, तुला हे कळलं कुठून? माझा संशय तुझ्या अण्णांवर आहे. १९७९ ला आबा पंधरा वर्षं भरून घरी आले, तेव्हा गिरणीच्या साचा खात्यात, मागांवर, त्यांना बदली कामगार म्हणून अण्णांनीच चिकटवलं. कागद त्यांनी पाहिले असणार. आणि अण्णांच्या पोटात काय राहायचं? दाताचं म्हणशील तर माफी मिळणार नाही. पतंग माझाच होता.

खरी पंचाईत पुढंच आहे. आपल्या सरपंचाला अपशिंग्याचं वेड लागलंय. अपशिंगे मिलिटरी! पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, इंग्रजांनी स्मृतिशिला बसवली, म्हणून आमच्याही वेशीला काहीतरी पाहिजे. १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, गावातल्या सगळ्या माजी सैनिकांच्या पाट्या लागणार आहेत. आबांच्या पाटीचा मजकूर त्यानं स्वतःच लिहून पाठवला: "१९७१ च्या युद्धात जमालपूरच्या रणांगणावर शत्रूला धूळ चारणारे रणझुंजार योद्धे." माझ्या धाकट्या भावानं तो लगेच स्टेटसला ठेवलासुद्धा.

जमालपूर खोटं नाही. आबा पहिल्या मराठात होते, जंगी पलटणीत, आणि ती पलटण त्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या वेढ्यात होतीच. ती चिठ्ठीची गोष्ट तर आपल्याला पाठ होती. आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून लिहिलं आणि समोरच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. आबा ती गोष्ट अशी सांगायचे की आपल्याला वाटायचं कागद यांनीच सोडवला. "आबा, तुम्ही किती मारले?" असं तू विचारलंस की ते म्हणायचे, "काय, ढेकूण?" आणि आपण हसायचो. बघ, एकदाही खोटं बोलले नाहीत. जे काय मनाचं रचलं ते आपणच.

धाकट्याला मी म्हटलं, पाटीवर लांगरी लिहू. तो भडकलाच. म्हणाला, "लोक हसतील. पोरीचं लग्न ठरवायचंय मला." आई म्हणते, "लिहिनात का काय लिहायचं ते, मला कुठं वाचता येतंय." म्हणजे मत द्यायला कुणी उरलंच नाही.

तेराव्याला त्यांच्या पलटणीतले एक हवालदार आले होते. नव्वदीकडं झुकलेले, पण ताठ. त्यांना मी बाजूला घेतलं. पहिल्या पेगला म्हणाले, त्या शेवटच्या रात्री पाकिस्तानी जमालपूर सोडून आमच्याच अंगावर आले, लांगरी न्हावी सगळे मोर्च्यात होते. दुसऱ्या पेगला तोफा वाढल्या. तिसऱ्याला आबांच्या हातात मशीनगन आली. पण प्रत्येक वेळी एक गोष्ट मात्र तशीच्या तशी सांगत होते. सकाळी शरण आलेल्यांना रांगेत बसवलं होतं, आणि आबांनी त्यांच्यासाठी चहा टाकला. सुभेदार खेकसला तर आबा म्हणाले, "साहेब, पाणी उकळलंय, आता फुकट घालवू?" हे मला पटलं. अगदी आबाच आहेत हे. पाणी उकळलं की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

दिवाळीची शंकरपाळी आठवते? दात लागेना म्हणून तुझी आजी ती खलबत्त्यात घालायची. आता कळतं, ती फराळाची नव्हतीच. जवानाच्या खिशात चार दिवस टिकतील अशी करायला शिकलेला माणूस चाळीतल्या पोरांसाठी तशीच करणार. आणि आमटी कधी चाखून बघायचे नाहीत. पळीतून थेंब मनगटाच्या मागच्या बाजूला टाकायचे, वास घ्यायचे, अंदाजानं मीठ टाकायचे आणि मनगट लुंगीला पुसायचे. गणपतीच्या भंडाऱ्याला तीनशे पानं उठायची, मीठ कधी चुकलं नाही. आपल्याला वाटायचं हौस आहे.

आणि गिरणी संपाचं वर्ष. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचे भोंगे थांबले. उन्हाळ्यापर्यंत अर्धी चाळ गावी गेली, उरलेल्यांची उधारी वाण्यानं बंद केली. आबांनी तेव्हा पेन्शनचे तांदूळ आणून मागच्या मोरीपाशी टोप चढवला, तो तुला विसरता येणार नाही, कारण तिसऱ्यांदा वाढून घेणारा तूच होतास. अण्णा युनियनच्या मीटिंगा करून यायचे आणि आबांना ऐकवायचे, "मोर्च्याला येत नाहीस, नुसती खिचडी ढवळतोस." आबा त्यांच्यापुढं ताट ठेवायचे. अण्णा शिव्या देत जेवायचे. संपाचे पुढारी डॉक्टर सामंत, त्यांचं नाव निघालं की दोघं परत जुंपायचे, पण ताट रिकामं झाल्यावर. गिरणी काही परत मिळाली नाही. मग शेवटपर्यंत वॉचमनची खाकी, तीही मिलिटरीसारखी कडक इस्त्रीची.

म्हणून मला "धूळ चारणारे" नको आहे. त्यांनी आयुष्यभर लोकांना काय चारलं ते आपल्याला ठाऊक आहे की. पण धाकट्यापुढं माझा एकट्याचा शब्द चालत नाही. तुझं तो ऐकतो, का ते देव जाणे. त्याला फोन कर. आणि काकूंना विचार, अण्णा आबांबद्दल काय बोलले होते. निदान तो दात कुणाच्या खात्यावर मांडायचा ते तरी कळेल.

पनवेलजवळच्या कोन गावातल्या घराचा ताबा मिळाला का? स्टेंटनंतर जिने चढतोस की अजून लाड करून घेतोस? पोरीला नाशकात नोकरी लागल्याचं वहिनींकडून कळलं, छान झालं. पेढे मात्र तूच आणायचे, कुरिअर चालणार नाही.

रंगारी बुधवारी मजकूर मागतोय. मी लिहिलाय तो असा: नाव, गाव, "लांगरी, पहिली मराठा, जमालपूर १९७१", खाली "गिरणी कामगार". बदल काय करायचा असेल तर मंगळवारपर्यंत सांग. नुसता अंगठा पाठवलास तर पाटीखाली तुझं नाव घालीन.

तुझा,
पद्या