फोनची जन्मतारीख फोनमध्येच दाखवा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत जुना फोन घेताना काय काय बघावं यावर लेख आला होता. चांगला होता, स्क्रीन बघा, कॅमेरा बघा, बिल मागा सगळं सांगितलं होतं, पण एक प्रश्न त्यात कुठेच नव्हता आणि माझ्या मते तोच सगळ्यात आधी विचारायला हवा, की फोन बनलाय कधी? घेतलाय कधी नाही हं, बनलाय कधी. या दोन्हीत किती फरक असू शकतो ते घरातच बघितलं म्हणून हे पत्र.

झालं असं की माझ्या भाच्याने एक वापरलेला फोन घेतला. "मामा, फक्त सात महिने वापरलाय, बिल पण आहे" म्हणून खूश. बिल खरं होतं, तारीख सात महिन्यांपूर्वीचीच होती, विकणारा काही खोटं बोलला नव्हता. पण बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली, आणि थोड्याच दिवसांत समजलं की त्या मॉडेलला आता नवीन अँड्रॉइड मिळणार नाही, फक्त सिक्युरिटी पॅच (सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या) येतील आणि ते पण थोडेच दिवस. सात महिन्यांचा फोन आणि असं कसं, म्हणून आम्ही दोघं त्याची जन्मतारीख शोधायला बसलो. पाच मिनिटांचं काम वाटलं होतं, अख्खा रविवार गेला.

पहिल्यांदा जे सगळे करतात तेच केलं, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, काढला आणि तो ऑनलाइन तपासला. तीन ठिकाणी टाकला, तीन वेगळ्या तारखा आल्या! नंतर कळलं की त्या नंबरात तारीख नसतेच. आयएमईआय १५ आकडी असतो, पहिले ८ आकडे मॉडेलचे, पुढचे ६ त्या फोनचा स्वतःचा नंबर आणि शेवटचा एक आकडा नुसता पडताळणीचा, म्हणजे टाइप करताना चूक झाली तर पकडायला. झालं, संपलं. यात महिना नाही की वर्ष नाही. या साइट फार तर पहिल्या ८ आकड्यांवरून मॉडेल ओळखतात आणि ते बाजारात कधी आलं ते सांगतात, आणि आपण ती आपल्या फोनची तारीख समजून बसतो. वर आपल्या फोनचा नंबर कुठल्यातरी अनोळखी साइटला देऊन बसतो ते वेगळंच.

मग सेटिंगमध्ये गेलो. अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबर (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा नंबर) असतो, काही फोनमध्ये त्यात मधे सहा आकडे असतात, समजा २३०८०५ म्हणजे २०२३ चा ऑगस्ट, ५ तारीख. भाचा म्हणाला सापडली! पण ती सॉफ्टवेअरची तारीख, अपडेट आलं की ती पण बदलते. सिक्युरिटी पॅचच्या तारखेचं पण तेच. आणि सगळ्यात गंमत म्हणजे एका ॲपने फोनसोबतच येणाऱ्या सिस्टिम ॲप्सची इन्स्टॉल तारीख दाखवली १ जानेवारी २००९. मी तर दचकलोच, कारण अँड्रॉइडचा पहिला फोनच २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आला होता, म्हणजे भाच्याने काय म्युझियममधून फोन उचलला की काय! तर ती नुसती एक ठरवून टाकलेली तारीख असते, अँड्रॉइडच्या खूप फोनमध्ये तीच दिसते, तिचा फोनच्या वयाशी काही संबंध नाही.

शेवटी उत्तर सापडलं ते फोनमध्ये नाही, खोक्यावर. खोक्याच्या मागच्या लेबलवर दुकानदाराने स्वतःचा स्टिकर नेमका त्या जागी चिकटवला होता (मुद्दाम की चुकून देव जाणे), तो नखाने खरवडून काढला तर खाली महिना आणि वर्ष छापलेलं. बिलाच्या तारखेच्या पावणेदोन वर्षं आधीचं! लेबलवरचा आयएमईआय फोनमधल्याशी जुळवून बघितला, जुळला, म्हणजे खोका त्याच फोनचा. हे जुळवणं विसरू नका, कारण जुन्या फोनसोबत दुसऱ्याच फोनचा खोका देणारे पण असतात. आणि रिपेअरमध्ये मदरबोर्ड (फोनचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलला असेल तर नंबर जुळणारच नाही, तेव्हा मग विचारायला लागायचं की काय काय बदललंय.

म्हणजे तो फोन पावणेदोन वर्षं कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडून होता, मग कुणीतरी "नवा" म्हणून घेतला, सात महिने वापरला आणि विकला. लोक म्हणतील पडून होता तर काय झालं, सील तर होतं ना. पण बॅटरीला सीलचं काय कौतुक? लिथियम-आयन बॅटरी न वापरता पण म्हातारी होते, हळूहळू होते पण होते, आणि उकाड्यात ठेवली किंवा फुल चार्ज करून ठेवली तर जास्तच लवकर. ॲपल स्वतःच सांगतं की फोन जास्त दिवस ठेवून द्यायचा असेल तर साधारण ५० टक्के चार्ज करून बंद करून ठेवा, ३२ अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवा आणि दर सहा महिन्यांनी परत निम्मा चार्ज करा. आता गोडाऊनमधल्या सीलबंद खोक्यांना दर सहा महिन्यांनी चार्जर लावणारा माणूस कुणी बघितलाय का?

आता कुणी म्हणेल सिरियल नंबरवरून कळतं की. कळतं, पण ज्याला कोडी सोडवायची आवड आहे त्यालाच. सॅमसंगच्या ११ अक्षरी सिरियल नंबरात चौथं अक्षर वर्षाचं असतं आणि पाचवं महिन्याचं, एम म्हणजे २०१९, एन म्हणजे २०२०, मग मधली अक्षरं गाळून एकदम आर म्हणजे २०२१ आणि टी म्हणजे २०२२. महिने १ ते ९ आकड्यांत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे ए, बी, सी. ॲपलचं त्याहून भारी, २०१० पासूनच्या १२ अक्षरी नंबरात चौथं अक्षर अर्ध्या वर्षाचं आणि पाचवं आठवड्याचं. सी म्हणजे २०१० चे पहिले सहा महिने, डी म्हणजे दुसरे, असं करत करत २०१९ अखेर झेडपर्यंत पोचले आणि २०२० ला परत सी पासून सुरू! आणि हे सगळं पाठ करून झालं की २०२१ पासून कंपनीने नंबरच रँडम करून टाकले, आता त्यातून काहीच निघत नाही. पण आयफोनवाल्यांसाठी एक गोष्ट अजून कामाची आहे, सेटिंगमध्ये मॉडेल नंबर बघा, त्याचं पहिलं अक्षर एम असेल तर नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर कंपनीने रिफर्बिश, म्हणजे दुरुस्त करून परत विकलेला, एन असेल तर कुणाच्या तरी बिघडलेल्या फोनच्या बदल्यात दिलेला आणि पी असेल तर नाव वगैरे कोरून घेतलेला. वय कळत नाही पण खानदान कळतं.

मला राग या कोड्यांचा नाही, नंबर कसा पाडायचा तो कंपनीचा प्रश्न. राग याचा आहे की कंपनीला ही तारीख पक्की माहीत असते आणि स्वतःचं काम असतं तेव्हा ती बरोबर वापरतात. आयफोन ६एस अचानक बंद पडत होते तेव्हा ॲपलने २०१६ मध्ये सांगितलं की सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेल्या ठरावीक फोनची बॅटरी फुकट बदलून देऊ. आयफोन ११ च्या काही फोनचा टच बिघडला तेव्हा पण तसंच, नोव्हेंबर २०१९ ते मे २०२० मध्ये बनलेल्यांना स्क्रीन बदलून देऊ म्हणाले. आता ज्याच्या हातात फोन आहे त्याने काय करायचं? सिरियल नंबर टाका, आम्ही बघून सांगतो. म्हणजे माझ्या फोनची जन्मतारीख मला सोडून सगळ्यांना माहीत!

आणि दाखवणं अवघड आहे असं तर अजिबात सांगू नका. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ पेट घ्यायला लागला, २५ लाख फोन परत बोलवायची वेळ आली, तेव्हा बदलून दिलेले फोन ओळखू यावेत म्हणून कंपनीने वर कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह पांढऱ्याचं हिरवं केलं. (पुढे ते बदललेले पण पेटले आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करायला लागलं, पण तो मुद्दा वेगळा.) सांगायचं काय तर गळ्याशी आलं तेव्हा कुठला फोन कुठल्या लॉटचा हे थेट स्क्रीनवर दाखवता आलं, मग एरवी अबाउट फोनमध्ये एक ओळ टाकायला काय होतं?

थोडी सुरुवात झालीय म्हणा. आयफोन १५ पासून आणि गूगलच्या नव्या पिक्सेलमध्ये बॅटरी कधी बनली, पहिल्यांदा कधी वापरली आणि किती वेळा चार्ज झाली हे सेटिंगमध्येच दिसतं. युरोपियन युनियनने तर नियमच केलाय, २० जून २०२५ पासून तिथे येणाऱ्या नव्या फोनमध्ये बॅटरीची ही माहिती वापरणाऱ्याला बघता आली पाहिजे. पण बॅटरीची तारीख म्हणजे फोनची तारीख नाही, बॅटरी आधी बनते आणि फोनमध्ये नंतर बसते, आणि मधे कुणी बदलली असेल तर जुन्या फोनला नवी तारीख दिसणार. म्हणजे अजून अर्धंच काम झालंय. गाडीच्या टायरवर बघा, चार आकडे रबरातच उठवलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, कुणीही वाकून वाचावं. औषधाच्या पाकिटावर असते. फोनलाच काय लाज वाटते वय सांगायची?

एक मात्र कबूल करायला हवं, नुसती बनवल्याची तारीख कळून पण पूर्ण भागत नाही, हे मला पण त्या रविवारीच कळलं. भाच्याच्या फोनचे अपडेट संपत आले ते तो गोडाऊनमध्ये पडून होता म्हणून नाही. अपडेटचं घड्याळ मॉडेल बाजारात येतं त्या दिवशी चालू होतं, मग तुमचा फोन कारखान्यातून काल बाहेर पडला असेल तरी. पिक्सेल ८ ला ७ वर्षं अपडेट देऊ म्हणाले, तर ती ऑक्टोबर २०२३ पासून मोजायची. गॅलेक्सी एस २४ ची ७ वर्षं २०२४ च्या सुरुवातीपासून. उद्या कुणी एस २४ चार वर्षांनी सीलबंद घेतला तर त्याला हातात तीनच राहणार, आणि वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून चालू होणार. म्हणजे एकाच फोनच्या तीन तारखा, मॉडेल आलं कधी, हा नग बनला कधी आणि विकला गेला कधी, आणि दुकानात आपल्याला दाखवतात फक्त तिसरी. युरोपच्या त्याच नियमात एक शहाणपणाची गोष्ट आहे, तिथे अपडेटची ५ वर्षं मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर मोजायची आहेत, त्यामुळे उशिरा घेणारा मार खात नाही.

कंपन्यांना आपण पत्र लिहून काय होणार ते माहितीये, पण संपादक साहेब, तुमच्या हातात एक गोष्ट आहे. पुरवणीत दर वेळी दोन-तीन फोनची तुलना छापता, कॅमेरा किती मेगापिक्सेल, रॅम किती, बॅटरी किती. त्या तक्त्यात दोन रकाने वाढवा, मॉडेल बाजारात कधी आलं आणि अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत मिळणार. आणि खाली एक ओळ टाका की पैसे द्यायच्या आधी खोक्यावरची तारीख वाचा, त्यावर दुकानाचा स्टिकर असेल तर तो काढायला सांगा. मेगापिक्सेलचा रकाना काढून टाकलात तरी माझी काही हरकत नाही.

भाचा अजून तोच फोन वापरतोय, बॅटरी बदलून घेतली. खोका मात्र आता कपाटात जपून ठेवलाय, स्टिकर खरवडलेली बाजू वर करून.

आपला,
एक नियमित वाचक