सक्ती नको, तारीख द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्रत्येक तरुणाला दोन वर्षे सक्तीने सैन्यात पाठवा, म्हणजे मोबाइलचे खूळ उतरेल’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांनी इस्रायल आणि दक्षिण कोरियाचे दाखले दिले आहेत. आपल्या देशाने १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे सक्तीच्या भरतीशिवायच लढली, हे मात्र राहून गेले. युक्रेनने एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय २७ वरून २५ वर आणले. तिकडे कितीतरी पोरे बोलावणे येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसली आहेत. आमच्याकडे ते येत नाही म्हणून पोरे झुरतात. मी त्यांतलाच एक.

गावात आम्हाला ‘भरतीवाले’ म्हणतात. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर उतरायचे. रपट्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत मोजून चुन्याच्या खुणा केल्या आहेत. १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत आले तर ६० गुण, दहा बीम (पुल-अप्स) मारले तर ४०. आमचा बीम म्हणजे दोन कडुलिंबांमध्ये बांधलेला बोअरचा जुना पाइप. दिवाळीच्या सुमारास अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असते, मग उरलेल्या पट्टीतून एकामागे एक पळायचे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती रस्त्यावर येते आणि बूट शेरभर जड होतो. घरी येऊन भिजवलेले चणे खायचे, की लगेच पाठीवर फवारणीचा पंप. दुपारी लाइन असली तर मोबाइलवर सराव पेपर. आता आधी ऑनलाइन लेखी होते आणि मगच मैदान. म्हणजे ज्या मोबाइलचे खूळ उतरवायचे, त्याच्यावरच आमचा अभ्यास चालतो!

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत पारावर रोज हाच विषय. आजीने तर रडवेल्या आवाजात विचारले, “तुले बी बलावतीन काय रे बापू?” तिला काय सांगणार? बोलावणे सोडा, पुढच्या भरतीची तारीखसुद्धा माहीत नव्हती.

वय थांबत नाही, ही खरी अडचण. कोरोनाच्या दोन वर्षांत बहुतेक भरती मेळावे झालेच नाहीत. ज्यांचे ग्राउंड आणि मेडिकल निघाले होते, ते लेखी परीक्षेची वाट पाहत राहिले. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायला सांगितले. त्या वर्षापुरती वयोमर्यादा २३ केली, पण आमच्याकडची काही पोरे तोवर तीही ओलांडून बसली होती. एक आता कापसाच्या गाडीवर हमाली करतो. अजूनही आमच्यात सर्वांत वेगाने तोच पळतो.

निवड झाली तरी नोकरी चार वर्षांची, पुढे फक्त २५ टक्क्यांपर्यंत कायम होणार. त्या चार वर्षांत लग्न करता येत नाही. त्याची चिंता नसावी, तसेही नोकरी नसलेल्या पोराला मुलगी कोण देतो! हे सगळे ठाऊक असूनही पोरे पळतात. कुणाला वर्दीची ओढ आहे, कुणाला बापाचे कर्ज दिसते, बहुतेकांच्या मनात दोन्ही आहे. यांना सक्ती कशाची करता?

करायचेच असेल, तर वर्षाचे वेळापत्रक आधी जाहीर करा आणि ते पाळा. सरकारच्या बाजूने भरती थांबली, तर तेवढी वर्षे वयात धरून द्या. तालुक्याच्या क्रीडासंकुलात धावपट्टी आहे, पण फाटकाला आठपर्यंत कुलूप असते आणि उन्हाळ्यात आठला पळून बघावे कुणीतरी. ते कुलूप पहाटे पाचला उघडायला दिल्लीची परवानगी लागत नसावी.

आपला,
एक भरतीवाला
जि. यवतमाळ