काका घरी येण्याआधी

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

काका पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून थेट आपल्याकडे येताहेत. त्यांना एचआयव्ही आहे हे त्यांनी स्वतःच तुम्हाला सांगितलं आणि बाकीचं मी सविस्तर लिहावं असंही तेच म्हणाले. आईला लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचता येईल, म्हणून फोनऐवजी पत्र.

आधी ताटाचं सांगते. काकांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढू नका. एकत्र जेवल्याने, एका संडासात गेल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, मिठी मारल्याने, खोकला-शिंकेने किंवा डास चावल्याने हा विषाणू जात नाही. तो जातो रक्तातून, शरीरसंबंधातल्या स्रावांतून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. थुंकी, घाम, अश्रू यांतून तो लागत नाही. डासाच्या पोटात तो टिकत नाही आणि डास चावताना आधीच्या माणसाचं रक्त आपल्यात सोडत नाही. तुम्हा दोघांना नुसतं एका घरात राहता म्हणून तपासणीचीही गरज नाही. काकांना तो कुठून लागला हे विचारू नका. त्या उत्तराने त्यांच्या शुश्रूषेत काहीही फरक पडणार नाही, त्यांची झोप मात्र उडेल.

तुमच्या मनात जी भीती आहे ती १९९०च्या दशकातली आहे, आणि तेव्हा ती खोटी नव्हती. आपल्याकडे सामान्य माणसाच्या हाती औषधच नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली आणि आजाराचं रूपच बदललं. आज गोळ्या नियमित घेणारा माणूस इतरांसारखाच म्हातारा होतो. रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही.

इतका उशीर का झाला, असं बाबांनी विचारलं होतं. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असा त्रास होतो आणि तो साध्या तापासारखा निघून जातो. पुढे आठ-दहा वर्षंसुद्धा काहीच दिसत नाही. मग वजन उतरतं, महिनाभर जुलाब किंवा ताप राहतो, तोंडात पांढरे थर येतात, नागीण उठते. साठीच्या माणसाच्या बाबतीत हे सगळं साखर, वय, दातांची कवळी यांच्या नावावर खपवलं जातं. काकांचं तसंच झालं. त्यांचा सीडी४ आकडा १४० वर आलाय. हा आकडा रक्तातल्या रक्षक पेशींचा. तो २०० च्या खाली गेला की इतर जंतूंना मोकळं रान मिळतं.

म्हणून धोका उलट्या दिशेचा आहे. तुम्हाला त्यांच्यापासून जपायचं नसून त्यांना आपल्यापासून जपायचंय. बाबांना सर्दी-ताप असेल तर त्या दिवसांत मास्क लावा. प्यायचं पाणी उकळून गार केलेलं असू द्या. कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धवट उकडलेलं अंडं, न तापवलेलं दूध नको. त्यांच्याकडून तुम्हाला लागू शकेल असा मुख्य आजार म्हणजे क्षय. सध्या त्यांच्या तपासण्यांत क्षय नाही. पण खोकला, ताप, रात्री घाम आणि वजन घटणं यांतलं एकही दिसलं तर दोन आठवडे वाट पाहू नका, लगेच थुंकी तपासून घ्या. त्यांना देवघराशेजारची खोली द्या, तिला समोरासमोर दोन खिडक्या आहेत, आणि त्या दिवसभर उघड्या ठेवा.

आता गोळ्या. मुख्य गोळी रोज एक. तिच्यात टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडीन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधं एकत्र आहेत. वेळ ठरलेली हवी, रात्री नऊ म्हटलं तर नऊच. झोप उडाली तर एआरटी केंद्रात विचारून ती सकाळी घेता येते. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. महिन्याला एकापेक्षा जास्त चुकली तर विषाणू औषधाला सरावू लागतो, आणि मग पुढची औषधं जास्त त्रासदायक.

आई, तू तुझी कॅल्शियमची गोळी मायेने त्यांच्या पुढ्यात ठेवशील, म्हणून खास लिहिते. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि पित्तावरचं पांढरं पातळ औषध पोटात त्या मुख्य गोळीला चिकटतं आणि ती रक्तात पुरेशी जात नाही. अशा औषधाच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास मुख्य गोळी घ्यायची. धातूची भस्मंही यातच येतात. काका साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात. मुख्य गोळीमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. साखरेच्या डॉक्टरांना नवी गोळी दाखवाच. अंग दुखलं तर बाबांच्या डब्यातली डायक्लोफिनॅक देऊ नका, टेनोफोविरसोबत ती मूत्रपिंडाला जड जाते, पॅरासिटॅमॉल चालेल.

दुसरी रोजची गोळी कोट्रायमॉक्साझोल. ती न्यूमोनिया आणि इतर संसर्ग टाळण्यासाठी आहे आणि सीडी४ चांगला वर येईपर्यंत चालणार. अंगावर पुरळ आलं, सोबत ताप किंवा तोंडात फोड असतील तर ती थांबवून त्याच दिवशी केंद्रात न्या.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट तुम्हाला घाबरवू शकते. ताकद परत येऊ लागली की शरीर आत दडलेल्या जंतूंशी झगडू लागतं. ताप चढतो, मानेत गाठी येतात, आणि घरच्यांना वाटतं औषधच बाधलं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. केंद्रात दाखवा, ती बहुतेकदा चालूच ठेवतात.

तोंडातल्या थरांमुळे त्यांना गिळताना दुखतं. मऊ ब्रश, जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि डॉक्टरांनी दिलेलं क्लोट्रिमॅझोल त्यानंतर लावायचं, आधी नाही. खायला मऊ गुरगुट्या भात, वरण, ताजं दही, पूर्ण उकडलेलं अंडं, केळं, आणि तेही दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. तिखट आणि चिंचेचं काही दिवस बाजूला. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यांची साखर मात्र त्या दिवसांत जास्त वेळा बघा. पडून राहिले तर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड आणि टाचा रोज पाहा.

रक्ताची काळजी तेवढी वेगळी. दाढीचं पातं, ब्रश आणि बाबांची साखर तपासायची सुई ज्याची त्याला. रक्त किंवा रक्तमिश्रित उलटी पुसताना हातमोजे, आणि आई, हिवाळ्यात तुझ्या बोटांना भेगा पडतात, त्यांवर आधी पट्टी. सांडलेल्या जागेवर जुनं फडकं टाकून ब्लीचिंग पावडरचं पाणी ओता. एक मोठा सपाट चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, एक लिटर गार पाण्यात, प्लॅस्टिकच्या बादलीत, रोज ताजं. अर्ध्या तासाने पुसा. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. रक्त नसलेले कपडे नेहमीच्या साबणाने धुवून उन्हात घाला, बस.

चुकून त्यांची वापरलेली सुई टोचली तर जागा पिळू नका, स्पिरिट लावू नका, बोट तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि सिव्हिलला जा, जमल्यास दोन तासांत. तिथे लागण टाळण्याचं औषध देतात, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नसतो. ते २८ दिवस घ्यायचं असतं.

न थांबणारी डोकेदुखी आणि उलटी, धाप, गोंधळल्यासारखं बोलणं, अंधुक दिसणं, झटका, डोळे पिवळे, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता त्यांना सिव्हिलला न्या, मग मला कळवा.

शेजारी विचारतील. काकांच्या संमतीशिवाय कुणालाही सांगायचं नाही, आत्यालासुद्धा नाही. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती गोष्ट त्यांची आहे. अशक्तपणा आहे, औषध चालू आहे, एवढं पुरे. रात्री-अपरात्री काही विचारावंसं वाटलं आणि माझा फोन लागला नाही, तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

सहा महिन्यांनी विषाणूची मोजणी आहे. तारीख केंद्रातल्या हिरव्या वहीत लिहून देतील. बाबा, ती तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून ठेवा आणि त्या दिवशी काकांसोबत तुम्हीच जा.

तुमची,
सुमा