उष्टे वेगळे, उरलेले वेगळे

संपादक महोदय,

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की ‘अन्नाची नासाडी’ हा विषय हमखास पाहायला मिळतो. विज्ञान शिकवताना मी असे कितीतरी प्रकल्प तपासले. मुलांची मेहनत खरी असते. पण बहुतेक प्रकल्प खताच्या कुंडीपासून सुरू होतात आणि मांडव उतरला की संपतात. मुळात अन्न वाया का गेले, याचा शोध क्वचितच घेतला जातो.

पातेल्यात राहते ते उरलेले आणि पानात राहते ते उष्टे, हा भेद आपल्या घराघरांत पाळला जातो आणि प्रकल्पाची पहिली पायरी तीच असायला हवी. उरलेले अन्न दोन तासांच्या आत पोहोचवले तर कुणाच्या तरी पोटी लागते. उष्ट्याचे मात्र खत किंवा गॅसच होऊ शकतो. दोन्ही एकाच बादलीत ओतले की चांगले अन्नही कचरा होते.

एके वर्षी आमच्या वसतिगृहातील मुलींनी दोन बादल्या ठेवून ताणकाट्यावर रोजचे वजन घेतले आणि त्यापुढे त्या दिवसाचा पदार्थही वहीत लिहिला. पंधरा दिवसांनी वही चाळली, तेव्हा उष्ट्यात सर्वाधिक भात होता. चव बिघडली म्हणून नव्हे, तर वाढायचा डाव मोठा होता म्हणून. स्वयंपाकाच्या मावशींनी वही पाहिली, लहान डाव घेतला आणि ‘लागेल तसा मागून घ्या’ असे सांगू लागल्या. उष्ट्याची बादली लगेच हलकी झाली. खताचा खड्डा न खणताच झालेले हे काम मला आजही सर्वांत मोलाचे वाटते.

त्यानंतरही जे उरते, त्यासाठी शास्त्र आपल्याजवळच आहे. ग्रामीण भागासाठी सोपे तंत्रज्ञान घडवणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ (ARTI) संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि २००६ मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भात-पोळीतील पिष्ट जिवाणूंना सहज पचते, त्यामुळे शेणाच्या मानाने थोड्या मालात बराच गॅस मिळतो. मात्र एकदम जास्त खरकटे ओतले की आतील मिश्रण आंबट होते आणि गॅस थांबतो. शिवाय मे महिन्याच्या सुट्टीत संयंत्राला रोज खाद्य कोण घालणार, हे आधीच ठरवावे लागते. याचा विचार न केल्यामुळे बंद पडलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत. खताचेही तसेच आहे. नुसता ओला भात कुजून दुर्गंधी सुटते. त्यात सुकी पाने मिसळावी लागतात आणि नेमकी तीच पाने अनेक आवारांत जाळली जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यात ६० टक्के वाटा घरांचा होता. वसतिगृहात वजन करायला शिकलेली मुलगी ही सवय आपल्या घरीही नेते, म्हणून हे काम एका प्रदर्शनापुरते राहू नये.

शाळा-महाविद्यालयांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की गुण प्रतिकृतीपेक्षा नोंदवहीला द्यावेत आणि जूनमध्ये तीच वही पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा