‘शिकलेल्यांनाच मत’ ही सूचना जुनीच

महोदय,

निवडणूक जवळ आली की ‘मताचा अधिकार फक्त शिकलेल्यांना द्या’ ही सूचना डोके वर काढतेच. अलीकडे ती शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून इतक्या सहज ऐकू येते की, लिहिल्यावाचून राहवले नाही.

मताधिकार जिथे जिथे वाढला, तिथे ‘यांची अजून तयारी नाही’ असे म्हणणारे कोणी ना कोणी दारात उभे होतेच. ब्रिटनमध्ये १८३२ साली मध्यमवर्गीय मालमत्ताधारकांना मत मिळाले. शहरी कामगारांना १८६७ पर्यंत आणि शेतमजुरांना १८८४ पर्यंत ताटकळावे लागले. स्त्रियांना ते मिळाले १९१८ मध्ये, तेही तिशीनंतर आणि मालमत्तेची अट घालून. पुरुषांशी बरोबरी व्हायला १९२८ उजाडले. स्वित्झर्लंडमध्ये तर १९५९ च्या सार्वमतात पुरुषांनी स्त्रियांचे मत चक्क फेटाळले आणि १९७१ मध्ये मान्य केले.

‘शिकलेल्यांनाच मत’ हा प्रयोगही होऊन गेला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत नोंदणी अधिकारी राज्यघटनेतला उतारा समोर ठेवून अर्थ विचारायचा आणि उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवायचा. कृष्णवर्णीय शिक्षकसुद्धा त्यात नापास व्हायचे. या परीक्षांना चाप बसला तो १९६५ च्या कायद्याने.

आपल्याकडेही ब्रिटिश काळात, अगदी १९३५ च्या कायद्यातसुद्धा, मालमत्ता, कर किंवा शिक्षण या अटी होत्याच. आधी माणसाला शिकू द्यायचे नाही आणि मग तो अशिक्षित आहे म्हणून मतही द्यायचे नाही, यातला अन्याय डॉ. आंबेडकरांनी सायमन आयोगापुढे स्पष्ट शब्दांत मांडला होता. पुढे राज्यघटनेने अनुच्छेद ३२६ मध्ये प्रौढ मताधिकार दिला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. म्हणून कोणाला वगळले नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवले.

तरीही त्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख त्यांनी सांगितली होती. परक्या माणसापुढे स्वतःचे नाव घ्यायचे नाही, ही घराघरांतली रीत. निवडणूक आयोगाने खरे नाव नोंदवण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता. पण घटनेने दिलेले मत यादीच्या एका रकान्यात अडकू शकते, हे तेव्हाच दिसले. मला हा प्रसंग पहिल्या निवडणुकीच्या गौरवाइतकाच महत्त्वाचा वाटतो. यादीत नाव नसेल, तर केंद्रावर अधिकाराला काही किंमत उरत नाही. १९८९ पासून वयाची अट २१ वरून १८ वर आली, त्या तरुणांनाही आधी नाव नोंदवावेच लागते.

मी मतदान अधिकारी म्हणून काम केले आहे. एकदा एका आजींना सही येत नव्हती. त्यांनी नोंदवहीत अंगठा उमटवला, बोटाला शाई लावून घेतली आणि आत गेल्या. यंत्राचा आवाज झाला, तरी त्या लगेच बाहेर आल्या नाहीत. मागचे लोक चुळबुळ करू लागले. आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, “चिठ्ठी पडेपर्यंत बघत होते, बाबा.”

— एक वाचक