राजीनाम्याआधी अनुमोदक शोध

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. "राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचाय," एवढं बोललीस, मग बाबांशी बोलून फोन ठेवलास. मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. राजीनामा दे किंवा देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तो निर्णय तुझा. पण तुमच्या सेवासंस्थेच्या भर बैठकीत तू एकटीच बोललीस आणि एकटीच उठून आलीस हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

व्हीलचेअर वापरणाऱ्या त्या अर्जदार बाईंना कार्यकारिणीने सरळ नकार दिलाच नाही. हॉलला तीन पायऱ्या आहेत, त्यांचीच गैरसोय होईल, म्हणून सभासदत्वाचा अर्ज तूर्त स्थगित. काळजीच्या सुरात दार लावलं की विरोध करणारा माणूस उद्धट ठरतो. तुझं तेच झालं. शिवाय नकाराचं कारण लोक विचारतात, स्थगितीचं कुणी विचारत नाही आणि वर्ष तसंच निघून जातं.

आधी त्या बाईंशी बोललीस का? त्यांच्या नावाने वाद झाला हे त्यांना दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर त्या स्वतःच अर्ज मागे घेतील, आणि समितीला तेच हवं असेल. कोणती माहिती कुणाला सांगितलेली चालेल, नाव घ्यायचं की नाही, त्यांना नेमकी कसली सोय लागते, हे त्यांच्याच तोंडून ऐक. त्यांना काय हवं हे आपण ठरवायचं नाही.

मग संस्थेची घटना आणि नियमावली काढून सभासदत्वाचं कलम वाच. अर्जावर किती दिवसांत निर्णय द्यायचा, हरकत लेखी असावी का, कारण द्यावं लागतं का, हे बघ. पुष्कळ ठिकाणी "कार्यकारिणी योग्य तो निर्णय घेईल" एवढंच असतं आणि सगळी मनमानी त्या एका ओळीतून शिरते. मुदत असेल तर अध्यक्षांना पत्र लिहून ती दाखव. नसेल तर तुझा ठराव त्यासाठीच हवा: प्रत्येक अर्जावर ३० दिवसांत निर्णय, नकार किंवा स्थगिती दिल्यास लेखी कारण, आणि एका अर्जाला एकदाच स्थगिती. एवढाच. "आम्ही विविधतेचा आदर करतो" असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही. मुदतीच्या ठरावाला मात्र हात वर करताना माणसं विचार करतात.

ठराव ऐनवेळच्या विषयांत कधीही आणू नकोस. तोवर निम्मी माणसं उठलेली असतात, अध्यक्ष "पुढच्या सभेत बघू" म्हणतात, किंवा कोरमपुरती माणसंच उरत नाहीत. सूचना नियमाप्रमाणे आधी, लेखी दे आणि पोच घे. सभेआधी एकेकाला गाठून बोल. संस्थेच्या व्हॉट्सॲप समूहावर लिहू नकोस. समूहावर माणूस एकदा बाजू घेऊन बसला की मागे फिरत नाही, समोरासमोर तोच माणूस आपली अडचण सांगतो. आणि अनुमोदक, म्हणजे सभेत ठरावाला उघड पाठिंबा देणारा, पक्का कर, शक्यतो जुन्या, मान असलेल्या सभासदांपैकी. अनुमोदन मिळालं नाही तर पुष्कळ संस्थांत ठराव चर्चेलाही येत नाही. सगळे मनातून तुझ्या बाजूचे असले तरी त्या शांततेत तू एकटी उभी असशील. मला भीती आहे ती याचीच.

मागच्या सभेत तू विरोध केलास त्याची नोंद झाली का? पुढच्या सभेचा पहिला विषय इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असेल. त्याच वेळी हात वर कर आणि तुझं विरोधी मत कारणासह नोंदवून घ्यायला सांग. एकदा इतिवृत्त कायम झालं की "सर्वानुमते स्थगित" हेच खरं ठरतं.

कुणी म्हणेल, आपण सेवा करायला जमलोय, या वादाचा सेवेशी काय संबंध? रेड क्रॉसची सात मूलतत्त्वं १९६५ साली व्हिएन्नात जाहीर झाली. त्यांतल्या एकतेच्या तत्त्वात प्रत्येक देशातली रेड क्रॉस संस्था सर्वांना खुली असली पाहिजे असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे संबंध आहेच.

आणि ड्युआर्टेची हकिगत तुला माहीत असायला हवी. कॅलिफोर्नियातल्या या छोट्या रोटरी क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं आणि तेव्हा फक्त पुरुषांनाच सभासद करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७८ मध्ये क्लबची सनद, म्हणजे मान्यता, काढून घेतली. क्लब मोडला नाही. ते भेटत राहिले, काम करत राहिले, कोर्टात गेले. पहिल्या न्यायालयात हरले, अपिलात जिंकले, आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक त्या क्लबच्या अध्यक्ष झाल्या. १९८९ मध्ये संघटनेने आपल्या घटनेतली पुरुषांपुरती सभासदत्वाची अट काढून टाकली. आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदावर पहिली स्त्री, जेनिफर जोन्स, आली ती थेट २०२२ मध्ये. दार उघडल्यापासून त्या खुर्चीपर्यंत ३५ वर्षं गेली. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे एकटं कुणी लढलं नाही. अख्खा क्लब एकत्र राहिला.

पुन्हा तेच बोलले. शिकवणीच झाली ही, रागावू नकोस.

आठवीत शाळेच्या नाटकात त्या अडखळत बोलणाऱ्या मुलीला काम मिळावं म्हणून तू तुझं काम सोडलं होतंस. बाबांनी तेव्हा तुला जवळ घेतलं, मी नुसती गप्प बसले. केवढा अभिमान वाटला होता मला. पण तिला काम मिळालं नाही आणि तूही विंगेत उभी राहिलीस. काल राजीनाम्याचं ऐकलं आणि डोळ्यांसमोर तेच आलं.

पायऱ्यांचं उत्तर मात्र आकड्यांतच दे. एक पायरी १५ सेंमीची धरली तर तिन्ही पायऱ्यांची मिळून उंची ४५ सेंमी. उतार १:१२ हवा, उंचीच्या बारापट लांबी, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंमी लांब. कुणीतरी दोन मीटरची फळी टाकू म्हणेल, तिला होकार देऊ नकोस. तो चढ इतका उभा होतो की खुर्ची मागे कलंडते. "आम्ही चौघं उचलू"लाही नाही. दर सभेला उचलून आत नेलं जाणं कुणाला आवडेल? दरवाजा उघडल्यावर मोकळी जागा किमान ८० सेंमी, ९० असेल तर उत्तम. आत खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते, आणि स्वच्छतागृहातही. ते लोक नेहमी विसरतात. एवढं जमणार नसेल तर तळमजल्यावरची दुसरी जागा बघा. सभा हलवणं बांधकामापेक्षा स्वस्त पडतं. जाताना टेप घेऊन जा, आणि त्या बाई तयार असतील तर त्यांनाही बरोबर ने.

त्या आत आल्या की खरी परीक्षा सुरू होईल. पहिल्याच महिन्यात त्यांना मंचावर बसवून फोटो काढतील, नाहीतर "समावेशकता समिती" करून तिचं प्रमुखपद देतील, ना पैसा ना अधिकार. हे होऊ देऊ नकोस. त्यांना हिशेब येत असेल तर खजिनदाराच्या हाताखाली काम द्या. कामांची यादीही बघ: स्वागत आणि चहापाणी बायकांकडे, पैसा आणि साइटवरची कामं पुरुषांकडे, असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. कामं आळीपाळीने दिली की चारेक महिन्यांत कुणाला काय जमतं ते कळतं. वर्गणीची सवलत अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांतच ठेवा, नाव सभेत वाचलं की माणूस पुन्हा येत नाही. आणि "मला माईक लागत नाही" म्हणणाऱ्यांच्या हातातही माईक द्या. कमी ऐकू येणारे उठून तक्रार करत नाहीत, यायचे थांबतात.

हे सगळं करूनही ठराव पडला तर? तर दे राजीनामा, कारणासकट आणि लेखी. तेव्हा मी अडवणार नाही. पण आणखी दोघांच्या सह्या तरी त्यावर असू देत, मनू.

ताईच्या तपासण्यांचं रविवारी सविस्तर सांगते, तुझ्या डोक्यात आत्ता ते नको. ठरावाचा मसुदा झाला की मला पाठव, शब्द तपासून देईन. घसा सांभाळ. आणि अनुमोदक कोण मिळालं ते कळव, रात्र झाली तरी चालेल, मी जागी असेन.

तुझी,
आई