आपा, वाटी तुमचीच होती

आपा,

तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "आधी चहा घे" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

गेल्या उन्हाळ्यात घरच्या बालवाचनालयासाठी मी तुमच्याकडे मध्ययुगातल्या मुस्लिम विचारवंतांची चित्रं मागितली होती. पगडी, दाढी, खाली नाव नि सन, भिंतीवर टांगायला. तुम्ही हसलात. "त्यांचे चेहरे कुणी पाहिलेत? त्यांनी काय पाहिलं, ते काढू." आणि उर्दू शाळेचे पेपर तपासता तपासता दोन पुस्तकं हातानं करून दिलीत. एका बाजूनं उघडलं की मराठी, उलट बाजूनं उघडलं की उर्दू, आणि मधल्या जोडपानावर दोघांचं मिळून एकच चित्र.

पहिलं इब्न अल हैसमचं. बसऱ्यात जन्मलेला, पुढे कैरोत राहून प्रकाशावर सात भागांचा ग्रंथ लिहिणारा हा माणूस. डोळ्यांतून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसतं, असं तोवर भलेभले मानायचे. यानं ते खोडलं: प्रकाश वस्तूवरून डोळ्यांत येतो. पुस्तक वाचून पोरांनी माझी खोली काळ्या कागदानं बंद केली, कागदाला एक भोक ठेवलं. समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे भिंतीवर उलटे लोंबकळू लागले! त्या दिवशी जेवायला कुणी वेळेवर आलं नाही.

पण खरा लाडका ठरला तो दुसऱ्या पुस्तकातला, यंत्रं घडवणाऱ्या अल जझरीचा हत्ती. १२०६ च्या ग्रंथातलं त्याचं हे घड्याळ. हत्तीच्या पोटात पाणी, पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी. अर्ध्या तासात ती भरून बुडते, बुडताना दोरी ओढते, वरून गोळी सुटते, नागाच्या तोंडात पडते, नाग वाकतो आणि त्याच्या वजनानं वाटी पुन्हा वर येते. पोरांनी बादलीत वाटी सोडून बघितली. एकाचे आजोबा दारातूनच म्हणाले, "अरे, हे तर घटिकापात्र! आमच्या लग्नाचा मुहूर्त यावरच साधला होता." मग तासभर आजोबाच बोलत होते, हत्ती बिचारा बाजूला.

उर्दूची बाजू चाळताना एकीनं विचारलं, अक्षरं उजवीकडून, मग आकडे डावीकडून का? मला उत्तर येईना. तुम्ही उत्तर देण्याऐवजी तिसरंच पुस्तक काढलंत. नवव्या शतकातलं बगदाद, आणि हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करायचा हे लिहून ठेवणारा अल ख्वारिज्मी. त्याचं जोडपान अजून कोरं आहे, आणि पोरं रोज मला पिडताहेत.

आणि हो, खिळ्यानं भोक पाडलेली ती वाटी तुमच्याच स्वयंपाकघरातली होती, डब्याबरोबर आलेली. रविवारी नवी घेऊन येते. चहा आधी घेईन.

तुमची,
वाचनालयवाली